ऐंशीनंतरच्या पेन्शनसाठी: विमा आणि पेन्शन नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
मा. अध्यक्ष, पेन्शन निधी नियामक आणि विकास प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय: साठवलेले पैसे संपले आणि आयुष्य उरलं, या जोखमीचा विमा

महोदय,

दोन कार्यालयांना एकच पत्र लिहिते आहे, कारण हा प्रश्न नेमका तुमच्या दोघांच्या मध्ये पडला आहे. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, पैसे साठत असतात तोवर ते दिल्लीच्या अखत्यारीत. त्यातून जन्मभराची पेन्शन विकत घ्यायची वेळ आली की ती विकणारी विमा कंपनी हैदराबादच्या अखत्यारीत. ज्याला ती घ्यायची आहे त्याला या हद्दी माहीत नसतात आणि माहीत असण्याचं कारणही नाही.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये कर सल्लागार आहे. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्यांत मोठा भाग निवृत्तांचा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले फिटर, सुपरवायझर, स्टोअरकीपर, काही खासगी शाळांतल्या शिक्षिका. सरकारी पेन्शनवाले थोडे. बाकीच्यांची पुंजी ठरलेली: पीएफ, ग्रॅच्युइटी, कर्ज फिटलेला एखादा फ्लॅट आणि ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन. या शेवटच्या पेन्शनबद्दल फार लिहीत नाही. पगाराची मर्यादा १५,००० रुपये, सूत्रात ३५ वर्षांची नोकरी धरली तर हाती येतात महिना ७,५०० रुपये, आणि इतकी नोकरी भरलेले कितीसे? किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबलेली, महागाई भत्ता नाही. बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनरांचं आंदोलन तुम्हाला ठाऊक आहे. तो हिशेब कामगार मंत्रालयाने द्यायचा आहे. माझं मागणं वेगळं आहे आणि ते देणं तुमच्या हातात आहे.

आधी एक आकडेमोड. साठाव्या वर्षी हातात ४० लाख रुपये आहेत. घरखर्चाला त्यातून महिना २०,००० काढायचे. महागाई वर्षाला ६ टक्के, व्याज ७ टक्के. अशाने पैसे सुमारे अठरा वर्षं पुरतात, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत. आपल्याकडे साठी ओलांडलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो, म्हणजे वरवर पाहता हिशेब जुळला. पण सरासरी ही जनगणनेच्या कामाची, एका माणसाच्या काही कामाची नाही. कोणी सदुसष्टाव्या वर्षी जातो, कोणी ब्याण्णव गाठतो, आणि आपण कुठल्या बाजूला आहोत हे साठाव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. त्यात बायको नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान आणि बायकांचं आयुष्य मुळात जास्त. त्या ४० लाखांना दोघांत मिळून तीस वर्षं ओढावी लागण्याची शक्यता मुळीच लहान नाही. वीस वर्षांनी तोच २०,००० चा खर्च ६४,००० झालेला असतो, हे तर मी क्लायंटना सांगायचंच सोडून दिलं आहे.

पैसे संपलेली माणसं मी पाहिली आहेत. पण महोदय, मला जास्त अस्वस्थ करतात ती दुसऱ्या टोकाची. ज्यांचे पैसे संपत नाहीत, कारण ते खर्चच करत नाहीत. मुद्दलाला हात लावायचा नाही हा नियम, आणि व्याज कमी झालं की गरजा कमी करायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं केलं, दुसरा 'चालतोय अजून'. कानाचं मशीन घेतलं नाही, कारण 'आता कोणाचं काय ऐकायचं राहिलंय'. गावी एसटीने, तेही सवलतीच्या तिकिटावर. माणूस गेल्यावर वारसांचे कागद करायला मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा ठेवीच्या पावत्यांची बेरीज बघून ती स्वतःच गप्प होतात. याला आपण कंजुषी म्हणून मोकळे होतो. मला तसं वाटत नाही. ज्याला आपली शेवटची तारीख माहीत नाही आणि महिन्याच्या महिन्याला पगारासारखं काही येत नाही, त्याने मुद्दल जपणं हे अगदी शहाणपणाचं वागणं आहे. नव्वदीपर्यंत जगण्याची तजवीज प्रत्येक जण एकट्याने करतो. त्यातले बहुतेक नव्वदीला पोहोचत नाहीत आणि वाटेतली वर्षं मात्र काटकसरीत घालवतात.

विमा या कल्पनेचा जन्मच अशा ठिकाणी होतो. सगळ्यांवर न येणारा खर्च सगळ्यांनी मिळून थोडा थोडा उचलायचा. आणि तरीही बाजारात ज्येष्ठांसाठी जे आहे ते जवळपास सगळं ठेवींच्या जातीचं. सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम चांगली आहे, ८.२ टक्के व्याज आहे, मर्यादा ३० लाखांची आहे, पण मुदत पाच वर्षांची. पंतप्रधान वय वंदना योजना दहा वर्षांची होती आणि मार्च २०२३ मध्ये तीही बंद झाली. मुदत संपली की पुढचा दर काय असेल ते देव जाणे. आयुष्यभर पुरेल अशी हमी फक्त एकरकमी पैसे देऊन जन्मभराची पेन्शन विकत घेण्यात, म्हणजे अ‍ॅन्युइटीत आहे, आणि ती विकायची परवानगी फक्त विमा कंपन्यांना आहे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते.

जानेवारी २०२१ पासून विमा प्राधिकरणाने सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना 'सरल जीवन बीमा' नावाची एकसारखी टर्म पॉलिसी विकायला लावली. अटी सगळीकडे सारख्या, भाषा सोपी, आणि मुदतीत माणूस गेला नाही तर काही परत नाही. शुद्ध विमा. त्याच वर्षी एप्रिलपासून 'सरल पेन्शन' आली. पुन्हा तेच: एकसारख्या अटी, सोपी भाषा, वयोमर्यादा ४० ते ८०. पर्याय दोनच. एकट्याची पेन्शन किंवा नवरा-बायकोची संयुक्त पेन्शन, आणि दोन्हींत शेवटी पूर्ण खरेदी किंमत वारसाला परत. मुद्दल परत न घेता जास्त पेन्शन घेण्याचा पर्याय या प्रमाणित योजनेत नाहीच.

म्हणजे लवकर मरण्याच्या जोखमीसाठी तुम्ही शुद्ध विमा दिलात आणि जास्त जगण्याच्या जोखमीसाठी मुदत नसलेली एफडी दिलीत. कारण मुद्दल परत द्यायची असेल तर कंपनीला पेन्शन द्यावी लागते ती फक्त त्यावरच्या व्याजातून. लवकर गेलेल्यांचे पैसे त्यांच्या वारसांकडे जातात, उशिरापर्यंत जगणाऱ्यांच्या वाट्याला काही येत नाही. हे ताडून बघायला गणितज्ञ लागत नाही. कुठल्याही कंपनीचा तक्ता उघडा. मुद्दल-परत पर्यायाचा दर साठीत आणि पंच्याहत्तरीत जवळपास सारखाच दिसेल, साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास. मुद्दल परत नसलेल्या पर्यायाचा दर मात्र वयाबरोबर झपाट्याने चढतो. जो दर वयाने हलत नाही, त्यात आयुष्याचा विमा कितीसा असणार?

एजंट मंडळी म्हणतात, लोकांनाच मुद्दल परत हवी असते. 'उद्या काही झालं तर पैसे कंपनीच्या घशात जाणार' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते कोण म्हणणार हे आता चेहऱ्यावरून कळतं. पण टर्म पॉलिसीबद्दलही लोक अगदी हेच म्हणत होते. जगलो तर काहीच मिळत नाही, मग हप्ते फुकट का भरायचे? तरी तुम्ही ती प्रमाणित करून बाजारात आणलीत, आणि आज तिशीतला मुलगा स्वतःहून फोनवर तिचे दर ताडून बघतो. लोकांचं मन बदलेपर्यंत थांबायचं असतं तर तेव्हाही थांबला असतात. शिवाय मन बदलायला आधी वस्तू दुकानात दिसावी लागते.

अर्थात साठाव्या वर्षी सगळी पुंजी मुद्दल परत नसलेल्या पेन्शनमध्ये घाला असं मी कोणालाच सांगणार नाही. आजारपण येतं, नातवंडांची लग्नं येतात, घराचं छप्पर गळतं. हातात मोकळा पैसा हवाच. म्हणून माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. साठाव्या वर्षी एकदाच थोडी रक्कम भरायची आणि ऐंशी पूर्ण झाल्यावर मरेपर्यंत पेन्शन सुरू. मध्ये काही नाही, वारसाला काही नाही. अशी एक प्रमाणित योजना हवी.

ती किती स्वस्त पडू शकते ते पाहा. एक लाख रुपये वीस वर्षं ७ टक्क्यांनी वाढले की ३ लाख ८७ हजार होतात. समजा, भरणाऱ्यांतले निम्मेच ऐंशी गाठतात. मग गेलेल्यांचा वाटाही उरलेल्यांत येतो आणि प्रत्येकाच्या नावावर पावणेआठ लाखांच्या जवळ रक्कम दिसते. ऐंशी वर्षांच्या माणसाला मुद्दल परत न देता त्यावर वर्षाला १० टक्के दिले तरी ७७ हजार, म्हणजे महिना सहा हजार चारशेच्या आसपास. हे पाटीवरचं गणित आहे. त्यातून कंपनीचा खर्च जाईल, नफा जाईल. पेन्शन घेणारे लोक इतरांपेक्षा जास्त जगतात, म्हणून निम्म्यांपेक्षा जास्त जण ऐंशी गाठतील असं धरून कंपनी दर ठरवेल, आणि ते योग्यच आहे. हे सगळं वजा जाता समजा चार हजार उरले. तरीही पाच-सहा लाख भरलेल्याला ऐंशीनंतर महिना वीस-चोवीस हजार मिळतील, आणि उरलेल्या चौतीस-पस्तीस लाखांचं नियोजन त्याला फक्त वीस वर्षांसाठी करायचं आहे. वीस वर्षांचं नियोजन मी त्याला कागदावर करून देऊ शकते. शेवट माहीत नसलेलं नियोजन कोणीच करून देऊ शकत नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तो याच वर्षी करून घेईल.

ऐंशीचा आकडा मी मनाने काढलेला नाही. सरकारला तो चांगला ओळखीचा आहे. केंद्राच्या पेन्शनरांना ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. जुन्या कररचनेत ८० वर्षांवरच्यांना ५ लाखांपर्यंत कर नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटासुद्धा ८० व्या वर्षी २०० चा ५०० रुपये होतो. रक्कम वाचून हसू येतं, पण तत्त्व मान्य आहे. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनही त्याच सुमाराला करतात. म्हणजे इतकं आयुष्य लाभणं वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळा खर्च लागतो, हे तिजोरीलाही कळतं आणि घरालाही. फक्त विमा बाजाराला ते अजून कळलेलं नाही.

अमेरिकेच्या अर्थखात्याने २०१४ मध्ये निवृत्ती खात्यातल्या पैशांतून अशी उशिरा सुरू होणारी पेन्शन घ्यायला वाट करून दिली, कमाल वय ८५. सिंगापूरने २००९ पासून 'सीपीएफ लाइफ' सुरू केली. त्यात जन्मभर मासिक रक्कम मिळते आणि दरवर्षी २ टक्क्यांनी वाढणारा पर्यायही आहे. ही उदाहरणं तुमच्या कार्यालयांत माझ्यापेक्षा जास्त तपशिलात माहीत असतील, म्हणून पुढे जाते.

पेन्शन निधी प्राधिकरणाशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही बिगर-सरकारी सदस्यांना एनपीएसमधून ८० टक्के रक्कम काढायची मुभा दिलीत. अ‍ॅन्युइटीची सक्ती ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. माझ्या क्लायंटांना आनंद झाला, आणि मला तो समजतो. जी अ‍ॅन्युइटी एफडीपेक्षा कमी देते आणि पैसे कायमचे अडकवते, तिच्यातून सुटका झाल्यावर कोण नाराज होईल? ब्रिटनमध्येही एप्रिल २०१५ पासून निवृत्तांना आपली पेन्शनची पुंजी हवी तशी काढायची मोकळीक मिळाली आणि तिथली अ‍ॅन्युइटीची विक्री धाडकन खाली आली. माझा आक्षेप मोकळीक देण्याला नाही. उरलेले २० टक्के कशासाठी राखले, हा माझा प्रश्न आहे. 'म्हाताऱ्याच्या हातात थोडं तरी राहावं' एवढाच हेतू असेल तर ते मुद्दल-परत अ‍ॅन्युइटीत जातील आणि महिन्याला किरकोळ रक्कम देत राहतील. पण हेतू विम्याचा असेल, तर हेच २० टक्के ऐंशीनंतरच्या पेन्शनसाठी अगदी मापाचे आहेत. निदान तो पर्याय यादीत ठेवा. आणि निवड करण्याच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा: आज ठेवलेल्या पैशावर आजपासून काय मिळेल आणि ऐंशीपासून काय मिळेल. बाकीचं लोक आपले आपण समजून घेतात.

एक आक्षेप मात्र एजंटांचा नाही, माझा स्वतःचा आहे, आणि तुम्ही उत्तर द्याल तर याला द्या. फौंड्रीत तीस वर्षं काढलेला माणूस आणि बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस सारखेच जगत नाहीत. दोघांना एकाच योजनेत सारख्या दराने घातलं तर फौंड्रीवाल्याचे पैसे बँकवाल्याच्या म्हातारपणाला जातील. याच कारणासाठी मी सक्ती मागत नाही, विशेषतः लहान रकमांवर. ब्रिटनमध्ये मधुमेह, हृदयविकार, धूम्रपान सांगितलं की जास्त दराची अ‍ॅन्युइटी मिळते, कारण कंपनीला ती कमी वर्षं द्यावी लागणार असते. आपल्याकडे आयुर्विमा घेताना साखर आहे म्हणून हप्ता वाढवायला कंपन्या तत्पर असतात. पेन्शन विकताना मात्र त्याच साखरेचा फायदा ग्राहकाला द्यायचं कोणाच्या मनात येत नाही. तुम्ही विचारल्याशिवाय ते येणारही नाही.

बायकांबद्दल दोन ओळी. ईपीएसची विधवा पेन्शन नवऱ्याच्या पेन्शनच्या साधारण निम्मी. घरातली बहुतेक गुंतवणूक नवऱ्याने ठरवलेली, आणि अ‍ॅन्युइटी घेताना 'एकट्याच्या नावावर जास्त मिळतंय' म्हणून ती एकट्याच्या नावावर घेतलेली. अशी वारसाला मुद्दल देणारी पॉलिसी मुलाच्या नावे नॉमिनेशन करून ठेवलेली मी पाहिली आहे. वडील गेले, मुद्दल मुलाकडे गेली, आईची पेन्शन बंद. मुलगा भला होता, निभावलं. पण प्रमाणित योजना मुलाच्या भलेपणावर बेतू नका. ऐंशीनंतरच्या पेन्शनमध्ये दोघांतलं शेवटचं माणूस जाईपर्यंत देणं हा मूळ पर्याय असावा. एकट्याच्या नावावर घ्यायची असेल तर जोडीदाराची लेखी संमती घ्या.

महागाईचं काय, असं कोणीही विचारेल. आज ठरलेले वीस हजार वीस वर्षांनी कितीचे राहणार? खरं आहे. आणि महागाईशी जोडलेली पेन्शन द्यायला विमा कंपन्या धजत नाहीत, कारण त्यांना स्वतःला पैसे गुंतवायला महागाईशी जोडलेले सरकारी रोखे मिळत नाहीत. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे रोखे आणले होते, छोट्या बचतदारांसाठीसुद्धा, पण ते पुढे चालले नाहीत. सरकारने ५० वर्षांचा रोखा नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला, म्हणजे लांब मुदतीचं वावडं आता राहिलेलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून अर्थ मंत्रालयाकडे महागाईशी जोडलेले लांब मुदतीचे रोखे मागितले तर तुमच्या शब्दाला वजन आहे. तोवर सिंगापूरसारखी ठरलेल्या टक्क्याने वाढत जाणारी पेन्शन चालेल. वाढीव टक्का आधीच माहीत असला की कंपनीला आपल्या साध्या रोख्यांतूनही तो हिशेब बसवता येतो.

कराचा मुद्दा मी या पत्रात ताणत नाही. स्वतःच्या, कर भरलेल्या पैशातून घेतलेल्या अ‍ॅन्युइटीचा प्रत्येक रुपया उत्पन्न धरला जातो, मुद्दलाचा भागसुद्धा. हे चूकच आहे. पण नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर लागत नसल्यामुळे माझ्या बहुतेक क्लायंटांना सध्या त्याची झळ बसत नाही.

विमा प्राधिकरणाचं '२०४७ पर्यंत सर्वांसाठी विमा' हे उद्दिष्ट मी वाचलं आहे. २०४७ साली आज अठ्ठावन्न वर्षांचा असलेला माझा क्लायंट ऐंशीच्या आसपास असेल. त्याला टर्म पॉलिसीचा तेव्हा उपयोग नाही, त्याची मुदत संपलेली असेल. आरोग्य विम्याचा हप्ता त्याला झेपेल का, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. त्या वर्षी हयातीचा दाखला दिल्यावर त्याच्या खात्यात महिन्याला काही जमा होणार की नाही, हे मात्र आजच ठरतं आहे. त्याच्या हातात दोनच वर्षं आहेत. साठाव्या वर्षी भरलेले पैसे स्वस्तात काम करतात, सत्तरीत भरलेल्यांना तो वाव राहत नाही.

सरल पेन्शन ही तुम्ही काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतून आली. तिच्यात तिसरा पर्याय घालायला संसदेत जावं लागत नाही. तसा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला तर तो मराठीतही काढावा. माझ्याकडे येणारी मंडळी तो वाचतील आणि हरकती तर नक्की घेतील.

आपली,
एक कर सल्लागार, चिंचवड, पुणे